तेरा भाषांत उठवणारे सर

सरांच्या म्हणण्यानुसार भाषा तेरा होत्या. मी मोजल्या तेव्हा बारा भरल्या. यावरून आमचं पहिलं भांडण झालं आणि ते नऊ वर्षं चाललं, म्हणजे सर आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहिले तितकी सगळी वर्षं.

सर बोथकडच्या एका सरकारी शाळेत हिंदी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. अंगात बाराही महिने एकच राखाडी स्वेटर, आणि आमच्या आदिलाबादेत मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस लोक एकदाच पाहतात, नंतर पाहायचं सोडून देतात. त्यांच्या भाषा म्हणजे स्लाव कुळातल्या: रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक वगैरे. इथं कापसाच्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू ऐकू येते, व्यापाऱ्याशी हिंदी बोलावी लागते आणि एवढ्यावर माणसाचं भागतं. सरांचं भागत नव्हतं. अर्थात त्या तेरा भाषा त्यांना बोलता येत होत्या असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांना तेराही भाषांतलं एकच क्रियापद हवं होतं. झोपलेल्याला उठवणे. बाकीच्यांत त्यांना गोडी नव्हती. रशियनमध्ये जेवण्याला काय म्हणतात असं माझ्या बायकोनं एकदा ताट वाढताना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तो माझा विषय नाही." आणि जेवले.

हे क्रियापद रशियनमध्ये बुदीत्, चेकमध्ये बुदित, स्लोव्हेनियनमध्ये बुदिती, पोलिशमध्ये बुजिच, बल्गेरियनमध्ये बुद्या. प्रत्येक रूपाला एक कार्ड. कार्डं ते जुन्या लग्नपत्रिका कापून करत, कारण पुठ्ठा चांगला असतो आणि मागची बाजू कोरी. त्यामुळे बेलारूसच्या उठवण्यामागे भीमपूरचा कोणी नवरदेव आणि मॅसेडोनियाच्या मागे "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" असं असायचं. तेरा मुख्य कार्डं एका रबरात, आणि त्यांची पोरंबाळं, म्हणजे गजराचं घड्याळ, पहारा, सावध, तरतरीत असे शब्द, पत्र्याच्या ट्रंकेत.

मी जिल्हा कचेरीत सांख्यिकीच्या टेबलावर काम करतो. पीक कापणीचे नमुने, पर्जन्यमापक, घरांची मोजणी. मोजायला दिलं की मी मोजतो. सर्बियन आणि क्रोएशियन या दोन कार्डांवर अक्षरशः एकच शब्द होता. मी म्हणालो, "सर, हे एकच झालं. बारा."

"सख्खे भाऊ आहेत," सर म्हणाले. "पण आता चूल वेगळी आहे. मोजणीत तुम्ही दोन चुलींचं एक घर लिहिता का दोन?"

आमच्या नियमात चूल वेगळी तर घर वेगळं. चार दिवसांनी तेच म्हणाले की अजून दोन धाकटे भाऊ वेगळे निघाले आहेत, पण त्यांचे अर्ज मी तूर्त प्रलंबित ठेवलेत. आमच्या कचेरीत ते शोभले असते.

हेच क्रियापद का, याचं उत्तर कोणालाही काही मोठं अपेक्षित असतं. खरं उत्तर असं की नागपूरला शिकत असताना त्यांना रद्दीत रशियन व्याकरणाचं हिंदी पुस्तक मिळालं आणि त्याची पहिली चाळीस पानं फाटलेली होती. एक्केचाळिसाव्या पानावर पहिला शब्द हा होता. "पुस्तक जिथून सुरू झालं तिथून मी सुरू झालो," असं ते सांगत. बेचाळिसाव्या पानावर ते का गेले नाहीत, हे मी विचारलं नाही. एका माणसाला एका जन्मात किती पानं पुरतात याचा काही नियम नाही.

पुढं त्यांना कळलं की हा शब्द आपल्याच घरचा निघाला. संस्कृतातला बुध् हा धातू आणि तिकडचा बुदीत् एकाच मुळाचे. 'बोधयति' म्हणजे तो जागं करतो. रशियन माणूस सकाळी बायकोला उठवतो तेव्हा तेच करतो. हिंदीतलं 'बूझना' त्याच घरातलं, बुद्धी त्यातली, बोध त्यातला, आणि ज्यांच्यापुढं आम्ही विहारात हात जोडतो ते बुद्ध, म्हणजे जागे झालेले, तेही. हे सांगताना मात्र सर कडवट व्हायचे. "त्यांच्याकडे हा शब्द अजून खाटेजवळ उभा आहे. घड्याळालासुद्धा चेक लोक बुदीक म्हणतात. आपण त्याला खाटेजवळून उचलला आणि स्टेजवर चढवला. आता आपण बोध देतो. उठत कोणीच नाही."

माझ्या बायकोनं या सगळ्या व्याख्यानातून एक उपयोगाची गोष्ट घेतली. तेव्हापासून सरांचं नाव आमच्या घरात आणि महिन्याभरात गल्लीत बुदीक पडलं.

त्यांचा एक कडक नियम होता: आवाज सारखा म्हणून शब्द नातेवाईक होत नाही. सोयरीक करताना नाव सारखं आहे म्हणून कोणी पोरगी देत नाही, मामकूळ विचारतात, गाव विचारतात. तसं शब्दाचं विचारायचं. हा नियम त्यांनी घरात पाळला असता तर हरकत नव्हती. त्यांनी तो विहारात पाळला. बुद्धपौर्णिमेला बाहेरगावचे एक वक्ते बोलावले होते. त्यांनी हात उंचावून सांगितलं की युरोपातलं बुडापेस्ट म्हणजे मूळची बुद्धपेठ. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या; आपल्याला पेठ मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? टाळ्या थांबल्यावर मागच्या सतरंजीवरून सर उभे राहिले, मे महिन्यात, स्वेटरमध्ये.

"याला पुरावा नाही," ते म्हणाले. "आणि हंगेरीची भाषा तर स्लाव कुळातली पण नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "बसा ना सर. काऊन आपलीच पेठ पाडून राह्यले?"

"जे आपलं आहे ते सांगा ना. सबंध क्रियापद आपलं आहे. तेरा भाषांत."

"बारा," मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

यानंतर विहाराच्या समितीनं सरांना कधीही पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. त्यांना त्या क्रियापदावर विहारात बोलायचं होतं, नऊ वर्षांत त्यांनी अकरा अर्ज दिले. सगळे माझ्याकडून तपासून घेतले. शुद्धलेखनाची चूक एकातही नव्हती.

स्टेज नाही मिळालं म्हणून असेल, सर खाटेकडे वळले. त्यांनी गल्लीला उठवायला सुरुवात केली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक रिकामा बिस्किटाचा डबा ठेवला. ज्याला लवकर उठायचं असेल त्यानं चिठ्ठीवर नाव आणि वेळ लिहून डब्यात टाकायची. पहिल्या आठवड्यात डब्यात दोन चिठ्ठ्या आल्या आणि एक चॉकलेटचा कागद. सहा महिन्यांनी रोजच्या सरासरी सात चिठ्ठ्या. पहाटेच्या बसचा कंडक्टर, दवाखान्यात पहिल्या पाळीला जाणारी बाई, हैदराबादला परीक्षेला निघालेले. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि प्रत्येक मोबाईलमध्ये गजर. पण गजराला माणूस झोपेत थोबाडतो. सरांना थोबाडता येत नव्हतं.

त्यांची पद्धत ठरलेली. दार वाजवायचं नाही. खिडकीशी उभं राहून नाव घ्यायचं, तीनदा, साध्या आवाजात. आतून "हो" आलं तरी जायचं नाही, कारण झोपेतलं माणूस कशालाही हो म्हणतं. मग विचारायचं, "आज वार कोणता?" बरोबर वार आला तर माणूस जागा. चुकला तर पुन्हा नावापासून सुरू. आमच्या गल्लीत लोक झोपताना दुसऱ्या दिवशीचा वार पाठ करून झोपू लागले. मग सरांनी महिनासुद्धा विचारायला सुरुवात केली.

एकदा तो कंडक्टर उठला नाही आणि पहिली बस पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. संध्याकाळी तो जिन्याखाली येऊन उभा राहिला. "सर, तुमी मले उठवलं नाई."

"उठवून राह्यलो होतो," सर वरून म्हणाले. "वीस मिनिटं. तुम्ही वार मंगळवार सांगितला, मग सोमवार, मग म्हणाले की तिकीट घ्या."

"म्हंजे उठवलं नाई ना."

"उठवून राह्यलो आणि उठवलं, हे दोन वेगळे आहेत. रशियनमध्ये तर दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिलं माझं काम. दुसरं तुमचं."

कंडक्टरनं डेपोत हे रशियन कारण लेखी दिलं की नाही, मला माहीत नाही.

आता एवढं सगळं करणारा माणूस स्वतः किती जागा असेल? सर फेरी संपवून सात वाजता येत आणि झोपत. शाळेत नोकरीला असताना बसमध्ये झोपत. बोथच्या फाट्यावर उतरायचं ते निर्मलला उतरल्याच्या घटना माझ्या माहितीत चार आहेत. त्यांच्या हेडमास्तरांच्या माहितीत जास्त असतील. रिटायर झाल्यावर सोय झाली. साडेनऊपर्यंत झोपत, कधी गच्चीच्या कठड्याला टेकून, कधी जिन्यातच, मांडीवर कार्डं पसरलेली. पिंडीवर बेल वाहावा तशी त्यांच्यावर चिमण्यांची विष्ठा पडलेली मी पाहिली आहे. उठवायला कोणी जात नसे. बुदीकला गजर कोण लावणार?

सगळी गल्ली उठवून झाली, फक्त एक माणूस राहिला होता. तो आमच्याच घरात होता. माझा बा.

बा भीमपूरकडच्या एका गावात एकतीस वर्षं सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका घरी राबणारा गडी. दिवस त्याचा नसतो, रात्रही उरली तर त्याची. गोठ्याच्या पडवीत निजायचा. पहाटे मालक यायचा आणि काठीनं गोठ्याचा पत्रा वाजवायचा. हाक नाही, नाव नाही. पत्रा. एकतीस वर्षं, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. लीप वर्षं धरून मी तो आकडा एकदा काढला आणि बाला दाखवला. बानं कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "पोळ्याची एक सुट्टी कमी कर."

मला नोकरी लागली, घर झालं, बा आमच्याकडे आला. पहिल्या दिवशी त्यानं एकच अट सांगितली. "मले कोनी उठवाचं नाई. कायच्यासाठी बी नाई. घर जळत असन तं जळू द्या."

आणि गंमत अशी की बा पाचला जागा व्हायचा. अंगाची सवय जाते कुठं? पण तो उठायचा नाही. डोळे उघडे ठेवून आठ वाजेपर्यंत खाटेवर पडून राहायचा, छताकडे पाहत, हट्टानं. आठला स्वतःहून पाय खाली सोडायचा आणि विजय मिळवल्यासारखा चहा मागायचा. आमच्या घरात गजर नव्हता. आठच्या आधी भांडं आपटायचं नाही, कुकरची शिट्टी नाही. माझी बायको सतरा वर्षं हे पाळत आली. तिचं म्हणणं, "एकतीस वर्षांचं आहे, फिटू द्या."

सरांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अहो, तुमच्या बांना झोप नाहीच. हे जागं राहणं वेगळं. याला रशियनमध्ये वेगळं क्रियापद आहे, ब्द्येत्. त्याच धातूचं. पहारा देणे." ते लगेच बाच्या खाटेशी जाऊन बसले. "काका, एकदा मला उठवू द्या. फक्त एकदा. नाव घेऊन उठवतो."

"मास्तर," बा म्हणाला, "तू साऱ्या आदिलाबादले उठव. मले उठवशीन तं टांग तोडीन."

"पत्रा नाही वाजवणार, काका. हाक मारीन."

"हाक बी थोच मारते ज्याले काम असते."

तरी सरांनी नाद सोडला नाही. दर काही दिवसांनी विचारत. बा दर वेळी टांगेचा उल्लेख करी. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून एकच बिडीचं बंडल संपवत, त्यामुळे हे वैर होतं असं मला खात्रीनं म्हणता येत नाही.

सहाव्या वर्षी, हिवाळ्यात, कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या होत्या तेव्हा, एका सकाळी आठ वाजता बानं पाय खाली सोडले नाहीत.

बायकोनं पाहिलं. साडेआठलाही पाहिलं. डोळे मिटलेले. तिला वाटलं, शेवटी एकदाची झोप लागली म्हाताऱ्याला. तिनं दार लोटून घेतलं, की उजेड नको. मी नऊला आंघोळ करून निघालो. दारातून पाहिलं, तोच विचार केला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो, म्हणजे आवाज नको. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नियम पाळण्याबद्दल लोक माझं कौतुक करतात.

नऊ चाळीसला सर पाणी भरायला खाली आले. त्यांनी दारातून पाहिलं आणि बायकोला विचारलं, "काका कधीपासून निजलेत?" ती म्हणाली, उठवू नका हं. सर आत गेले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाला हाक मारली. तीनदा. मग वार विचारला. मग बायकोला म्हणाले, "ऑटो बोलवा."

मेंदूतली रक्ताची नळी बंद झाली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं पहिला प्रश्न मला विचारला: हे किती वाजता झालं? मी तालुक्यातला पाऊस मिलिमीटरमध्ये सांगू शकतो. पाच ते नऊ चाळीस, यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. डॉक्टरनं कागदावर तसंच लिहिलं. चार तास चाळीस मिनिटं, आणि त्यात कुठं बोट ठेवायचं ते माहीत नाही. आजवरच्या माझ्या नोंदींत एवढी मोठी रिकामी जागा दुसरी नाही.

बा जिवंत होता, श्वास चालू होता, पण शुद्धीवर येत नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तेलुगूत म्हणाले, पिलवंडी, हाका मारा. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. कधी उपयोग होतो, कधी नाही. येत्या काही दिवसांत जागे झाले तर ठीक.

मी खाटेशी वाकलो. "बा," म्हणालो. पुढं आवाज निघाला नाही. सतरा वर्षं घरात आम्ही सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट केली नव्हती, आणि आता तीच करायची होती. बायकोलाही जमलं नाही. ती पायाशी बसली आणि पाय दाबत राहिली, हळू, जाग येऊ नये अशा बेतानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर आले. स्वेटर, एक स्टूल आणि रबरात बांधलेली तेरा कार्डं.

नऊ ते पाच, दर तासाला एक फेरी. आधी "काका" तीनदा. मग एकेक कार्ड वर काढून, नीट उच्चारून: बुदीत्. बुदिती. बुजिच. सर्बियनचंही आणि क्रोएशियनचंही, वेगवेगळं, मधे श्वास घेऊन. शेवटी, "काका, आज वार कोणता?" उत्तर नाही. मग पुढच्या तासाची वाट.

"बोध झाला का काही?" मी पहिल्या संध्याकाळी विचारलं. माणूस घाबरला की असं बोलतो.

"मी उठवून राह्यलो," सर म्हणाले. "इतकंच माझं काम."

नर्सबाईंनी हिंदीत विचारलं, "सार, ये कौनसा मंत्र है?" सर म्हणाले, मंत्र नाही, क्रियापद आहे. त्याचा उपयोग झाला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण हात जोडून आली की आमच्यापण माणसावर म्हणा. सरांनी तिला मूळ धातूपासून समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ठीक है, पर मंत्र बोल दो." त्यांनी बोलून दिलं. त्या बाई तिसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, पण वॉर्डात सरांचं वजन वाढलं. इतक्या अर्जांनी जे मिळालं नव्हतं ते मिळालं: लोक गोळा होऊन ऐकू लागले. सर त्यांना प्रत्येक फेरीआधी सांगत की याला पुरावा नाही.

फेऱ्या मी मोजत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. रोज नऊ फेऱ्या, प्रत्येकीत तेरा. माझ्या मतानं बारा, पण त्या दिवसांत मी तेराच धरले. पाच दिवसांचे पाचशे पंच्याऐंशी. या काळात गल्लीच्या चिठ्ठ्याही चुकल्या नाहीत. सर पहाटे फेरी करत, सातला झोपायच्या ऐवजी जेवणाचा डबा भरून दवाखान्यात येत. झोपत कधी होते ते मला दिसलं नाही.

जगलेल्या माणसाबद्दल लिहिताना शेवट लपवण्यात अर्थ नाही. बा त्यानंतर तीन वर्षं जगला. डावा हात तेवढा अधू राहिला. घरी आल्यावर त्यानं नियमात दुरुस्ती केली: "आठ वाजले तं एक हाक मारत जा. उठवाचं नाई. हाक." कोणी मारायची, असं मी विचारलं. "मास्तर मारन," बा म्हणाला. "त्याले काम नाई ना माह्यासंग." पुढं तीन वर्षं रोज आठला सर जिन्यावरून एकदा "काका" म्हणत आणि बा आतून वार सांगे. कधी मुद्दाम चुकीचा सांगे. मग सर पुन्हा नावापासून सुरू करत आणि बा खाटेवर पडल्या पडल्या हसे. शेवटच्या सकाळी हाकेला उत्तर आलं नाही, तेव्हा वेळ आम्हाला माहीत होती. आठ. बा गेल्यावर सर महिनाभरात यवतमाळला बहिणीकडे निघून गेले. ट्रंक घेऊन गेले, बिस्किटाचा डबा राहिला. त्यात अजून कधीमधी कोणी चिठ्ठी टाकतं.

पण मला तो दवाखान्यातला आठवा दिवस लिहायचा आहे. सरांच्या फेऱ्यांचा सहावा. नऊची आणि दहाची फेरी झाली. त्या दिवशी डॉक्टर सकाळी बाच्या डोळ्यांत बॅटरी मारून काही न बोलता पुढं गेले होते. मी रजा वाढवायला खाली जाऊन कचेरीत फोन करून वर आलो तर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अकराची फेरी झाली नव्हती. सर स्टुलावर झोपले होते. मान छातीवर, हातातली कार्डं अर्धी मांडीवर, अर्धी फरशीवर. पोलंड खाटेखाली गेलं होतं.

मला राग आला. सहा दिवस ज्या गोष्टीची मी थट्टा करत होतो ती दहा मिनिटं चुकली म्हणून मला राग आला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, हलवायला.

"उठवू नोको त्याले."

आवाज जड होता, शब्द जिभेवर घसरत होते. मी सरांकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बाचे डोळे उघडे होते. छताकडे.

"निजू दे," बा म्हणाला. "लय बोंबलला. कवापासून बोंबलून राह्यला."

म्हणजे त्यानं ऐकलं होतं का? डॉक्टर पुढं म्हणाले की तसं सांगता येत नाही. मी ते खात्री न झालेल्या नोंदींत ठेवलं आहे.

मी नर्सबाईंना हाक मारली असावी, आणि बऱ्यापैकी मोठ्यानं, कारण सगळा वॉर्ड वळला आणि सर दचकून जागे झाले. त्यांनी बाकडे पाहिलं. मग फरशीवरच्या कार्डांकडे. मग माझ्याकडे.

"कोणत्या भाषेवर?"

मी खोटं बोलत नाही. "कोणत्याच नाही, सर. तुम्ही झोपला होता."

त्यांनी मान हलवली. कार्डं गोळा केली, खाटेखाली हात घालून पोलंड काढलं, फुंकर मारून रबरात बसवलं. मग स्वेटर खाली ओढून, पद्धतीप्रमाणे, खाटेजवळ वाकले.

"काका. काका. काका. आज वार कोणता?"

बानं मान न वळवता त्यांच्याकडे डोळे फिरवले.

"थे तू सांग, मास्तर. झोपला तं तू होता."

सरांनी विचार केला.

"गुरुवार," ते म्हणाले.

शुक्रवार होता. मी त्यांचं स्टूल उचलून भिंतीला लावून ठेवलं, म्हणजे डोकं टेकता येईल.